मॅग्नेशियम-झिर्कोनियमची लगडी : माल चोख, पण आधी आपल्या मुशीत काय आहे ते बघा

भंडाऱ्याला वितळलेल्या धातूचा रस ओतणं नवं नाही. पितळेच्या भांड्यांवर या गावाचं नाव झालं. पण पितळ किंवा ॲल्युमिनियम ओतणाऱ्याने मॅग्नेशियमला हात घातला की पहिल्या चार-सहा कास्टिंगनंतर एकच तक्रार येते. नग हलका झाला, दिसायला बरा झाला, पण तोडून पाहिला तर आत मिठाच्या खड्यांसारखे चकाकणारे मोठे दाणे. आणि तो तुटलाही फार सोपा. यावर पुरवठादार जी वस्तू पुढे करतो ती म्हणजे मॅग्नेशियम-झिर्कोनियम मास्टर अलॉय, म्हणजे रसात घालायची तयार मिश्रधातूची लगडी. हे परीक्षण त्या लगडीचं आहे, आणि तिच्या जागी जे इतर उपाय सुचवले जातात त्यांचंही.

निकाल आधीच सांगतो. जस्त किंवा रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा धातू) असलेल्या, ॲल्युमिनियम नसलेल्या मिश्रधातूसाठी (झेडई-४१, ईझेड-३३, झेडके-६१, डब्ल्यूई-४३) पाचपैकी साडेचार. ॲल्युमिनियम असलेल्या एझेड-९१ किंवा एएम-६० साठी शून्य. मधलं काही नाही.

लगडी म्हणजे वजनाने दोन भाग मॅग्नेशियम आणि एक भाग झिर्कोनियम. बाजारात ३० टक्क्यांची आणि ३३ टक्क्यांची अशा दोन्ही मिळतात. हातात घेतली की नुसत्या मॅग्नेशियमपेक्षा जड लागते. मॅग्नेशियमची घनता १.७४, झिर्कोनियमची ६.५, त्यामुळे ३३ टक्क्यांच्या लगडीची साधारण २.३ येते. रसात टाकली की ती तळाला जाते, तरंगत नाही. निम्मी फसगत इथूनच सुरू होते, त्याकडे पुढे येऊ.

दाणा बारीक करण्याचा एवढा आटापिटा मॅग्नेशियममध्येच का, असं ॲल्युमिनियमवाला विचारतो. उत्तर आकड्यात आहे. दाण्याच्या आकाराचा मजबुतीवर किती परिणाम होतो हे सांगणारा जो हॉल-पेच गुणांक आहे, तो ॲल्युमिनियममध्ये ७० च्या आसपास आणि मॅग्नेशियममध्ये २८० च्या पुढे असतो (मेगापास्कल गुणिले मायक्रॉनचं वर्गमूळ, या एककात). म्हणजे दाणा २०० मायक्रॉनवरून ५० वर आणला तर मॅग्नेशियमच्या यील्डमध्ये (कायमचं वाकण्याआधी सोसणाऱ्या ताणात) जवळजवळ २० मेगापास्कलची भर पडते, तर ॲल्युमिनियममध्ये जेमतेम ५. शिवाय बारीक दाण्याचं कास्टिंग गोठताना कोपऱ्यात कमी फाटतं. आतली पोकळी एका जागी न साचता विखुरते, म्हणून पंपाचं किंवा गिअरबॉक्सचं कव्हर तेल पाझरत नाही. (धानाच्या पट्ट्यात बारीक दाण्याला भाव जास्त असतो हे वेगळं समजवावं लागत नाही.)

झिर्कोनियम हे करतं कसं? मॅग्नेशियमचा स्फटिक षट्कोनी असतो, झिर्कोनियमचाही. मापंही जवळपास जुळतात : मॅग्नेशियमची पायाची बाजू ०.३२१ नॅनोमीटर, झिर्कोनियमची ०.३२३. मॅग्नेशियम ६५०° सेल्सिअसला गोठतं, आणि झिर्कोनियमबरोबर त्याची पेरिटेक्टिक क्रिया (रस आणि घन कण मिळून नवा घन होण्याची) ६५४° च्या सुमारास होते. त्यामुळे रस गोठायला लागतो तेव्हा झिर्कोनियमचे कण आधीच हजर असतात आणि प्रत्येक योग्य मापाच्या कणावर एक नवा दाणा धरतो. दुसरं काम विरघळलेलं झिर्कोनियम करतं. ते वाढत्या दाण्याच्या तोंडाशी साचून त्याची वाढ रोखतं. ही रोख मोजायची तर एका टक्क्यामागे झिर्कोनियमला सुमारे ३८, कॅल्शियमला १२, सिलिकॉनला सव्वानऊ, जस्ताला ५.३, ॲल्युमिनियमला ४.३ आणि स्ट्रॉन्शियमला साडेतीन असे गुण मिळतात. पण रसात विरघळू शकणारं झिर्कोनियम पेरिटेक्टिक तापमानाला अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतं. बाकीचं कणांच्या रूपातच राहतं.

या गुणांचा एक गुणाकार करून बघण्यासारखा आहे. ९ टक्के ॲल्युमिनियमला ४.३ ने गुणलं तर ३९ येतात, म्हणजे पूर्ण एक टक्का झिर्कोनियमइतके. तरीही एझेड-९१ चा दाणा झेडई-४१ इतका बारीक होत नाही. वाढ रोखणारं आहे, पण दाणा धरायला बी नाही. नुसता रोखणारा घटक वाढवून भागत नाही, कण लागतातच. म्हणूनच ॲल्युमिनियम १ टक्क्यावरून ५ टक्क्यांपर्यंत नेताना दाणा झपाट्याने लहान होतो आणि पुढे जवळपास तिथेच थांबतो.

झिर्कोनियमचा हा गुण जर्मनीत आय. जी. फार्बेनमध्ये सौअरवाल्ड यांनी १९३७ मध्ये शोधला. त्यानंतर मॅग्नेशियम मिश्रधातूंची दोन घराणी झाली : एक ॲल्युमिनियमवाल्यांचं, दुसरं झिर्कोनियमवाल्यांचं. या दोन घराण्यांत सोयरीक होत नाही.

ती का होत नाही, हे नीट समजून घ्या, कारण पैसे इथेच बुडतात. झिर्कोनियम ॲल्युमिनियमला धरतं आणि जड संयुग करून तळाला बसतं. सर्वांत कमी झिर्कोनियम खाणारं संयुग धरलं, तीन ॲल्युमिनियमला एक झिर्कोनियम, तरी १ किलो ॲल्युमिनियम १.१ किलोपेक्षा जास्त झिर्कोनियम गिळतं. २० किलोच्या घाण्यात (एका वेळी वितळवलेल्या रसात) ०.३ टक्के ॲल्युमिनियम चुकून आलं तर ते ६० ग्रॅम झालं, आणि त्याने ६७ ग्रॅम झिर्कोनियम खाल्लं. तुम्ही टाकणार २०० ग्रॅम. एक तृतीयांश मात्रा गेली, आणि वर कचरा रसात. एझेड-९१ मध्ये तर ॲल्युमिनियम ९ टक्के असतं, तिथे लगडी टाकणं म्हणजे धान्याच्या कोठीत उंदीर सोडून वर आणखी धान्य ओतण्यासारखं.

आता भंगाराचा प्रश्न. ब्रश कटर आणि चेनसॉची क्रँककेस, गाडीच्या स्टिअरिंगचा सांगाडा, लॅपटॉपची चौकट : हा सगळा डायकास्टिंगचा माल, आणि डायकास्टिंगचं मॅग्नेशियम म्हणजे जवळपास नेहमी ॲल्युमिनियमवालं घराणं. हे भंगार मुशीत असेल तर झिर्कोनियमची लगडी विकतच घेऊ नका. हातातल्या एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी घटक ओळखणाऱ्या यंत्राने) भंगार तपासताना जस्त आणि झिर्कोनियम पटकन दिसतात, पण ॲल्युमिनियमचा आकडा हलक्या धातूमुळे कच्चा येऊ शकतो. शंका असेल तर रसाचं छोटं बटण ओतून ते प्रयोगशाळेतल्या स्पेक्ट्रोमीटरवर तपासून घ्या. झिर्कोनियमच्या घाण्यासाठी ९९.८ टक्क्यांची कोरी मॅग्नेशियम इनगॉटच वापरावी. भंगारात पैसा वाचतो असं वाटतं, पण तो लगडीत दामदुप्पट जातो.

ॲल्युमिनियमशिवाय सिलिकॉन, लोखंड, मँगनीज, कथील, निकेल आणि हायड्रोजन हेही झिर्कोनियमचे वैरी. यातल्या सिलिकॉनबद्दल पितळवाल्यांना खास सांगणं : आपली नेहमीची क्ले-ग्रॅफाइटची मूस इथे चालत नाही. वितळलेलं मॅग्नेशियम त्यातल्या सिलिकाला खातं, मूस पोखरते आणि सुटलेलं सिलिकॉन रसात जाऊन झिर्कोनियम संपवतं. मूस साध्या पोलादाची, जाड पत्र्याची वेल्ड केलेली हवी. स्टेनलेस ३०४ नको, त्यातलं निकेल रसात उतरतं आणि पुढे कास्टिंग गंजतं. ॲल्युमिनियमवाल्यांसाठीही एक : टायटॅनियम-बोरॉनची जी काडी तुम्ही ॲल्युमिनियमच्या रसात सोडता ती इथे सोडू नका. तिचा बराचसा भाग ॲल्युमिनियमच असतो.

मात्रा आणि रीत. २० किलोच्या झेडई-४१ घाण्याला ३३ टक्क्यांची लगडी ६०० ग्रॅम, म्हणजे घाण्याच्या ३ टक्के. यातून २०० ग्रॅम, म्हणजे पूर्ण एक टक्का झिर्कोनियम जातं. या मिश्रधातूला नाममात्र ४.२ टक्के जस्त, १.३ टक्के रेअर अर्थ आणि ०.७ टक्के झिर्कोनियम लागतं. मग एक टक्का कशाला? कारण सगळं कास्टिंगपर्यंत पोचत नाही, काही तळाला राहतं, काही लोखंडाला लागतं. ३० टक्क्यांची लगडी असेल तर ६०० ऐवजी ६६० ग्रॅम धरा. भाव विचारताना लगडीच्या किलोचा विचारू नका, आतल्या झिर्कोनियमच्या किलोचा काढा, मग कोणती स्वस्त ते कळतं.

मूस आतून घासून बोरॉन नायट्राइडचा हात द्या आणि वाळवून तापवा. मॅग्नेशियम वितळवा, ७०० च्या आसपास मळी काढा, जस्त घाला. आर्गॉन असेल तर झिर्कोनियमच्या आधी सोडून हायड्रोजन काढा, नंतर नाही. रेअर अर्थ घालून तापमान ७८० वर न्या. लगडीचे लिंबाएवढे तुकडे करून १५० ते २०० अंशांवर तासभर तापवून ठेवलेले असावेत. ते भोकं पाडलेल्या पोलादी झाऱ्यात घेऊन रसाच्या मधोमध धरा, हळूहळू वरखाली करा. तुकडे सरळ टाकले तर तळाला जाऊन बसतात, वरून मॅग्नेशियम सुटतं आणि झिर्कोनियमचा चिखल मुशीच्या बुडाला घट्ट होतो. मग घाणा "लगडी टाकूनही" जाड दाण्याचाच येतो आणि दोष लगडीला लागतो. बहुतेक "माल खराब निघाला" म्हणणाऱ्यांचा माल खराब नसतो, झारा नसतो.

झारा रिकामा झाला की १० ते १५ मिनिटं ढवळा. तळापासून वर उचलून ढवळायचं, पण भोवरा पाडायचा नाही. भोवऱ्याबरोबर वरची राख आत ओढली जाते. मग थांबा, रस निवळू द्या.

किती वेळ? हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. झिर्कोनियमचा कण रसापेक्षा चौपट जड, त्यामुळे तो बुडतोच, फक्त वेग मापावर ठरतो. स्टोक्सच्या सूत्राने हिशेब केला तर २० मायक्रॉनचा कण मिनिटाला ५० मिलिमीटरहून जास्त खाली जातो, १० मायक्रॉनचा साधारण १३ मिलिमीटर, ५ मायक्रॉनचा सव्वातीन, आणि २ मायक्रॉनचा जेमतेम अर्धा. रसाची खोली ३०० मिलिमीटर धरा. २० मायक्रॉनचे कण सहा मिनिटांच्या आत तळाला, १० चे सुमारे २३ मिनिटांत, ५ चे दीड तासात. आणि २ मायक्रॉनचा कण नऊ तास तरंगू शकतो. दाणा धरायला कामाचे कण १ ते ५ मायक्रॉनच्या आसपासचे. २० मायक्रॉनचे ढेकूळ कास्टिंगमध्ये गेले तर ते मशीनवर टूलची धार घालवतात, त्यांना बसू देणंच बरं. म्हणून ढवळल्यानंतर १० मिनिटं थांबायचं आणि पुढच्या १५-२० मिनिटांत ओतून मोकळं व्हायचं. ओतण्याचं तापमान भिंत जाड असेल तर ७३० च्या आसपास, पातळ असेल तर ७६० पर्यंत.

साचे तयार नाहीत म्हणून रस तासभर धरून ठेवणं, किंवा वीज गेली म्हणून तसाच मुशीत ठेवणं, हे इथे महागात पडतं. तसं झालंच तर नवी लगडी टाकायची घाई नको. आधी तळापासून पाच मिनिटं पुन्हा ढवळा. बसलेलं झिर्कोनियम परत वर येतं आणि दाणा बराचसा परत बारीक होतो. ही गोष्ट लगडीच्या पाकिटावर लिहिलेली नसते, लिहायला हवी. आमचा अर्धा गुण यासाठीच कापला आहे.

लोखंडाचं वेगळं दुखणं. झिर्कोनियम रसातलं लोखंड पकडून तळाला नेतं, म्हणून या घराण्यातल्या मिश्रधातूत लोखंड फारच कमी असतं आणि गंज कमी लागतो. हे चांगलंच. पण मूसच पोलादाची असल्यामुळे एक लोखंड गेलं की भिंतीतून दुसरं उतरतं. तापमान जितकं वर तितकं जास्त. ७८० वर अर्धा तास जास्त थांबलात तर झिर्कोनियम भिंतीला फुकट जातं. म्हणून विरघळवण्यापुरतंच ७८०, नंतर लगेच खाली. बोरॉन नायट्राइडचा थर यासाठीच आहे, तो खरवडला गेला की पुन्हा द्या.

काम झालं का, हे ओतण्याआधी पाहता येतं. तापवलेल्या छोट्या लोखंडी वाटीत पळीभर रस घेऊन गोठवा, पाण्यात न बुडवता थंड करा, हातोड्याने तोडा. तुटलेला भाग रेशमी, एकसारखा राखाडी दिसला तर ओता. चमकणारे पैलू दिसले तर पुन्हा ढवळा. प्रयोगशाळेत देताना एकूण झिर्कोनियमच नव्हे, विरघळलेलं झिर्कोनियमही मागा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात जे उतरतं ते विरघळलेलं. एकूण ०.८ आणि विरघळलेलं ०.२ असा रिपोर्ट आला तर समजा की संयुगांचा कचरा मोजला गेला आहे, काम करणारं झिर्कोनियम नाही. नागपुरात व्हीएनआयटीचा धातुशास्त्र विभाग आहे, वाडीला ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी जेएनएआरडीडीसी ही संस्था आहे. बाहेरचा नमुना घेतात का ते आधी फोनवर विचारून मगच एसटीत बसा.

लगडीच्या मालाबद्दल दोन तक्रारी उरतात. टेस्ट सर्टिफिकेटवर झिर्कोनियमची टक्केवारी असते, पण कणांचं माप बहुधा नसतं, आणि वर सांगितलं त्याप्रमाणे सगळा खेळ मापाचा आहे. पुरवठादाराकडून लगडीच्या छेदाचा सूक्ष्मदर्शीखालचा फोटो मागावा. मोठे गठ्ठे दिसले तर ती लगडी घेऊ नये. दुसरं पॅकिंग. पावसाळ्यात लगडीवर पांढरी पावडर धरते, ती हायड्रॉक्साइड. वायर ब्रशने घासून आणि तापवूनच वापरा. जून ते सप्टेंबर लगडी झाकणाच्या कोरड्या ड्रममध्ये, आणि फ्लक्स (रसावर टाकायची क्षारांची पूड) तर त्याहून घट्ट, कारण त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. ओला फ्लक्स रसावर पडला तर उडतो. फ्लक्सचा कण कास्टिंगमध्ये अडकला तर महिन्याभरात तिथे पांढरं फूल येतं आणि खड्डा पडतो.

ज्यांच्याकडे एझेड-९१ च आहे त्यांनी काय करावं? हेक्झाक्लोरोइथेनच्या गोळ्या हा जुना उपाय, ७५० ते ८०० अंशांवर घाण्याच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. त्यातला कार्बन ॲल्युमिनियमशी जुळून बी तयार करतो, म्हणजे जे ॲल्युमिनियम झिर्कोनियमला मारतं तेच इथे कामाला येतं. दाणा चांगला उतरतो. पण गोळी फुटताना क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो, आणि अलोह धातूंच्या कामात तिचा वापर युरोपने बंद केला आहे. तीन बाजू बंद असलेल्या शेडमध्ये आम्ही ती सुचवणार नाही. रस द्रवणांकाच्या १५० ते २६० अंश वर तापवून झटपट थंड करण्याची रीतही आहे. तिला लोखंड-मँगनीज रसात असावं लागतं, आणि डिझेल फार जळतं. कॅल्शियम ०.२ ते ०.३ टक्के घातलं तर दाणा थोडा लहान होतो आणि रस पेट घ्यायलाही उशीर लागतो. लहान शेडसाठी आमच्या मते हाच पहिला उपाय. मात्रा वाढवली की मात्र कास्टिंग गरम असतानाच फाटतं. बेरिलियमवाला इनगॉट जळत कमी असला तरी दाणा जाड करतो, हे विकणारा सांगत नाही. पातळ भिंतीचं डायकास्टिंग असेल तर यातलं काहीच नको. गार डायच दाणा बारीक करते.

आगीचं थोडक्यात. मॅग्नेशियमच्या आगीवर पाणी नाही, सीओटूचा सिलिंडरही नाही, ते त्यातही जळतं. कोरडा फ्लक्स किंवा धातूच्या आगीसाठीची डी वर्गाची पावडर भट्टीजवळ घट्ट झाकणाच्या डब्यात हवी. मुशीच्या बाहेरून सुटणारी लोखंडी पापडी भट्टीच्या तळातून रोज काढा. मूस गळून रस त्या गंजावर पडला तर थर्माइटसारखा भडका होतो. आणि तनशीचे ढीग शेडला लागून नकोत, टर्निंगचा कीस तर तिथे ठेवूच नका.

पहिली खरेदी पाच किलोची करा, त्यात २० किलोचे आठ घाणे होतात. ओतताना मुशीत शेवटचे दीड-दोन किलो राहू द्या. त्या गाळात बसलेलं झिर्कोनियम आहे. पुढचा त्याच मिश्रधातूचा घाणा त्याच्यावर चढवला आणि तळापासून नीट ढवळला, तर वाटीतला तुकडा तोडून बघा आणि त्यानुसार ६०० ऐवजी ४५० ग्रॅम लगडीवर उतरता येतं का ते ठरवा. तीन-चार घाण्यांनंतर मात्र गाळ पूर्ण काढून टाका, तोवर त्यात लोखंडाचाच भाग जास्त झालेला असतो.